भाची उत्तरेकडे इतिवृत्त लिहिते

मार्गशीर्षातला गुरुवार. ताईच्या घरी घट मांडलेला, संध्याकाळच्या नैवेद्याची गडबड, आणि दुपारी साडेतीनला नॉर्वेहून भाचीचा व्हिडिओ कॉल. तिच्याकडे सकाळचे अकरा वाजले होते, पण खिडकीबाहेर आपल्याकडे दिवेलागणीला असतो तसा निळसर उजेड. माझ्या आईनं फोन जवळ धरून विचारलं, "गो बाय, अजून सूर्य उगवलो नाय?" भाची हसली. "आजी, आता तो जानेवारीतच उगवेल." आईनं फोन माझ्या हातात दिला आणि पुरण वाटायला निघून गेली.

भाची नॉर्वेच्या उत्तरेकडच्या ट्रोम्सो शहरात, तिथल्या विद्यापीठात एम.ए. करते आणि या सत्रात आर्क्टिक परिषदेच्या सचिवालयात इंटर्न आहे. भावजी भेटेल त्याला सांगतात, "लेक उत्तर ध्रुवाचा कारभार बघते." ताई त्यांना लगेच जमिनीवर आणते. "कसला कारभार? मिनिट्स लिहिते." मी कोकणातल्या एका नगरपरिषदेत २८ वर्षं सभेचं काम बघितलं. विषयपत्रिका काढणं, नोटिसा बजावणं, इतिवृत्त लिहिणं, पुढच्या सभेत ते वाचून कायम करून घेणं. माझं म्हणणं असं की नवराबायको दोघंही एकच गोष्ट सांगतायत. ते पटायचं तर ही परिषद काय चीज आहे ते आधी बघावं लागेल, कारण नागरिकशास्त्राच्या पुस्तकातल्या कुठल्याच खान्यात ती बसत नाही.

आठ भाऊबंद, एक विहीर

पहिला घोळ नावाचा. अंटार्क्टिका आणि आर्क्टिक ही जुळी भावंडं वाटतात, पण त्यांची रचना अगदी उलटी आहे. अंटार्क्टिका म्हणजे समुद्रानं वेढलेली जमीन. तिथे मूळचं कुणी राहत नव्हतं. १९५९ मध्ये एक करार झाला आणि त्या जमिनीवर हक्क सांगण्याची भांडणं बाजूला ठेवली गेली. आर्क्टिक म्हणजे जमिनीनं वेढलेला समुद्र, आणि ती भोवतालची जमीन आठ देशांच्या सातबाऱ्यावर आहे: कॅनडा, अमेरिका (अलास्कामुळे), रशिया, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड, आइसलंड आणि डेन्मार्क (ग्रीनलंडमुळे). सुमारे ४० लाख माणसं तिथे राहतात. शाळा, बंदरं, खाणी, विमानतळ, सगळं आहे. त्यामुळे "चला, हा भाग सगळ्यांचा" असं म्हणायची सोय नाही.

कोकणात आठ भाऊबंदांच्या परड्यांमध्ये एक सामाईक विहीर असते, तसं हे. काठ प्रत्येकाचा वेगळा, पाणी एकच. एकानं वरच्या बाजूला घाण केली की खालच्याचा कळशीत वास येतो. पण आपल्या विहिरीच्या भांडणात निदान तलाठी, तहसीलदार आणि शेवटी कोर्ट तरी असतं. इथे वर कुणीच नाही. समुद्राचा आंतरराष्ट्रीय कायदा आहे, पण रोजच्या शेजाराचं काय करायचं ते त्यात लिहिलेलं नाही.

शीतयुद्धात हाच समुद्र अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या पाणबुड्यांचा लपंडाव होता. १ ऑक्टोबर १९८७ रोजी मिखाईल गोर्बाचेव्ह मुर्मान्स्क या बंदरात बोलले आणि उत्तरेला शांततेचा प्रदेश करू या असं त्यांनी सुचवलं. फिनलंडनं तो धागा पकडला. १९९१ मध्ये फिनलंडच्याच रोव्हानिएमी गावात आठ देशांनी पर्यावरण रक्षणाची एक योजना मान्य केली. पर्यावरणच का? कारण त्या विषयावर कुणाला रागवायचं कारण नव्हतं. पुढे १९ सप्टेंबर १९९६ रोजी कॅनडाच्या ओटावात घोषणापत्र निघालं आणि आर्क्टिक परिषद जन्माला आली.

घोषणापत्र हा शब्द मी जाणूनबुजून वापरतोय. तो करार नाही. करारानं संस्था बांधली जाते, मोडला तर निदान विचारता येतं. घोषणापत्र म्हणजे आठ जणांनी मिळून "आम्ही असं वागायचं ठरवतोय" असं म्हणणं. परिषदेला दंड करता येत नाही. बंदी घालता येत नाही. कार्यक्रमांसाठी स्वतःची सामाईक तिजोरीही नाही. एखादा प्रकल्प ज्याला हवा, त्यानं आणि त्याच्या सोबत येतील त्यांनी खर्च करायचा. आमच्या नगरपरिषदेत असा नियम असता तर निम्मे ठराव सूचकानंच मागे घेतले असते.

आणि ओटावा घोषणापत्राला एक तळटीप आहे. परिषदेनं लष्करी सुरक्षेच्या बाबींत पडू नये, एवढंच तीत म्हटलं आहे. एक ओळ. आयुष्यभर कागद हाताळलेल्या माणसाला तळटिपांचं महत्त्व कळतं. अख्ख्या घोषणापत्रात सर्वांत जास्त काम मला वाटतं याच ओळीनं केलं. सगळ्यांत मोठं भांडण दाराबाहेर ठेवलं म्हणून बाकीचे आत बसू शकले.

सर्वानुमते

परिषदेत मतदान होत नाही. निर्णय एकमतानंच. आठपैकी एकानं मान हलवली नाही की विषय पुढे सरकत नाही. अध्यक्षपद दर दोन वर्षांनी फिरतं. मंत्र्यांची सभा साधारण दोन वर्षांतून एकदा, अध्यक्षपद सोपवण्याच्या वेळी. मधल्या काळात प्रत्येक देशाचा एक वरिष्ठ अधिकारी गाडा हाकतो, आणि खरं काम सहा कार्यगटांत चालतं: प्रदूषणाची मोजदाद, प्राणी-वनस्पती, समुद्र, आपत्कालीन तयारी, घातक द्रव्यं कमी करणं आणि तिथल्या लोकांचा शाश्वत विकास. यांतल्या प्राणी-वनस्पती आणि समुद्र या दोन गटांची कचेरी आइसलंडमधल्या अकुरेरी या छोट्या गावात आहे.

मुख्य सचिवालय मात्र बराच काळ नव्हतंच. ज्याचं अध्यक्षपद त्याच्या घरी दप्तर. दर दोन वर्षांनी फाइली नव्या देशात. २००६ पासून नॉर्वे, डेन्मार्क आणि स्वीडन यांनी लागोपाठच्या आपल्या तीन पाळ्यांसाठी मिळून ट्रोम्सोत एक तात्पुरती कचेरी चालवली. २०११ मध्ये ग्रीनलंडच्या नूकमध्ये कायम सचिवालयाचा निर्णय झाला आणि १ जून २०१३ पासून ते सुरू झालं. फ्राम सेंटर नावाच्या इमारतीत. फ्राम हे नॉर्वेच्या जुन्या ध्रुवीय मोहिमांच्या जहाजाचं नाव, अर्थ 'पुढे'.

आता एकमताची गंमत ऐका. २०१९ मध्ये पुन्हा रोव्हानिएमीतच मंत्र्यांची सभा होती. दर वेळी शेवटी एक संयुक्त जाहीरनामा निघायचा, १९९६ पासूनची ती रीत. या वेळी अमेरिकेला त्यात हवामान बदलाचा उल्लेख नको होता. बाकीच्यांना तो गाळायचा नव्हता. आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगानं तापलंय असं पुढे २०२२ मधल्या एका अभ्यासानं मांडलं. अशा जागी बसून तो शब्द टाळायचा म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत नवरीचं नाव न छापण्यासारखं. शेवटी संयुक्त जाहीरनामा निघालाच नाही. मंत्र्यांनी एक छोटं निवेदन सह्या करून दिलं, आणि अध्यक्ष म्हणून फिनलंडनं आपलं वेगळं निवेदन काढलं. एवढी विमानं, एवढी शिष्टमंडळं, आणि अडलं कुठे? एका शब्दापाशी.

म्हणून म्हणतो, जिथे हुकूम चालत नाही तिथे शब्दच कारभार असतो. भाची आतलं काही सांगत नाही, तसं तिनं लिहूनच दिलंय, आणि मीही विचारत नाही. पण कामाचा प्रकार तिनं सांगितला तेव्हा मला माझं टेबल आठवलं. बैठकीआधी कागद गोळा करा, जुन्या निर्णयांशी ताडून बघा, कुणी काय म्हटलं त्याचं टिपण काढा, ते कच्चं टिपण सगळ्यांकडे पाठवा, प्रत्येकाच्या दुरुस्त्या आल्या की त्या एकत्र करा, परत पाठवा. मधल्या वेळात वेबसाइटसाठी चार सोप्या ओळी लिहा, पाहुण्यांच्या नावांच्या पाट्या तपासा.

सगळ्यांत अवघड काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "मामा, क्रियापदं."

मला ऐकून बरं वाटलं. सभेच्या कागदात क्रियापदंच महत्त्वाची. आमच्याकडे अहवाल सभेपुढे आला की तीन गोष्टी होऊ शकायच्या. 'नोंद घेण्यात आली' म्हणजे वाचला, बाजूला ठेवला. 'स्वागत करण्यात आलं' म्हणजे आवडला, पण पैसे देणार नाही. 'मंजूर करण्यात आला' म्हणजे आता लेखापाल जागा होणार. आंतरराष्ट्रीय सभांतही हीच उतरंड आहे, फक्त पायऱ्या जास्त. अहवालाची नुसती दखल घेणं, त्याचं स्वागत करणं, त्याला पाठिंबा देणं, तो स्वीकारणं. नवशिक्यानं 'दखल घेतली' ऐवजी 'स्वागत केलं' लिहिलं तर दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी राजधानीतून दुरुस्ती येणारच.

एक उदाहरण देतो. २०१७ मध्ये परिषदेनं काजळीसाठी एक आकडा मान्य केला. डिझेल, लाकूड, शेतातला पालापाचोळा अर्धवट जळला की जी काळी धूळ उडते ती. ती बर्फावर बसली की पांढरा बर्फ मळतो, ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. ठरलं असं की आठ देशांनी मिळून काजळीचं उत्सर्जन २०२५ पर्यंत २०१३ च्या पातळीपेक्षा २५ ते ३३ टक्क्यांनी कमी करावं. पण त्या उद्दिष्टाच्या आधी एक विशेषण जोडलेलं आहे, आपल्या भाषेत 'आकांक्षा म्हणून ठेवलेलं'. ते विशेषण होतं म्हणूनच आकड्यावर आठांच्या माना हलल्या. दातच काढून घेतले, असं कुणी म्हणेल. माझं मत वेगळं आहे. आकडा एकदा कागदावर आला की दर दोन वर्षांनी कुणी तरी उठून विचारतं, कुठवर आलं? आमच्या गावचा गटाराचा आराखडा असाच अकरा वर्षांनी प्रत्यक्षात उतरला.

टेबलाशी आणखी सहा खुर्च्या

या परिषदेतली खरोखर वेगळी गोष्ट मात्र ही, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे.

देशांच्या सीमा उत्तरेत नंतर आखल्या गेल्या. माणसं आधीपासून होती. सामी लोक आज नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशिया अशा चार देशांत विभागले गेलेत. रेनडिअरचे कळप पासपोर्ट बघत नाहीत, म्हणून त्यांचे मालक अडचणीत येतात. इन्युइट ग्रीनलंड, कॅनडा, अलास्का आणि रशियाच्या टोकाला आहेत. आर्क्टिकच्या लोकसंख्येत अशा मूळ रहिवाशांचं प्रमाण साधारण दहा टक्के.

परिषदेनं यांच्या सहा संघटनांना 'कायम सहभागी' असा दर्जा दिला आहे: इन्युइट, सामी, अल्यूट, अथाबास्कन आणि ग्विचिन यांच्या प्रत्येकी एक, आणि रशियाच्या उत्तरेकडच्या मूळ लोकांची एक. त्या पाहुण्या म्हणून येत नाहीत. मंत्री ज्या टेबलाशी बसतात त्याच टेबलाशी बसतात, बोलतात, विषय मांडतात. शेवटचं एकमत आठ देशांचंच लागतं, पण या सहांशी पूर्ण सल्लामसलत केल्याशिवाय ते होऊ नये असा नियम आहे. सरकारांच्या इतर आंतरराष्ट्रीय सभांत मूळ रहिवाशांना सहसा भाषणापुरती पाच मिनिटं मिळतात. त्यापुढे हे फार मोठं आहे. आपल्याकडे ग्रामसभेचे अधिकार कागदावर किती आणि टेबलावर किती, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं मोल सांगायला नको.

अडचण आहे ती माणसांची. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात एका विषयाला दहा जण असतात. एखाद्या छोट्या संघटनेच्या दोन-तीन माणसांना सहाही कार्यगटांचे कागद वाचायचे असतात, आणि बैठकीला यायचं तर तीन विमानं बदलायची. त्यांच्या मदतीसाठी १९९४ पासून वेगळं सचिवालय आहे. ते कोपनहेगनला होतं, २०१६ मध्ये ट्रोम्सोत आलं. भाची म्हणते, कागद वेळेवर पोचणं हा इथे शिष्टाचाराचा प्रश्न नाही. उशिरा पोचला तर त्या माणसाचं म्हणणं राहूनच जातं. आमच्याकडे सात दिवसांची स्पष्ट नोटीस का लागते, ते मी नगरसेवकांना आयुष्यभर सांगत आलो. हेच कारण.

आणि ते म्हणणं राहून गेलं तर काय होतं? १९८० च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांना आईच्या दुधातली विषारी रसायनं मोजायची होती. तुलनेसाठी स्वच्छ नमुने हवेत म्हणून त्यांनी कारखान्यांपासून फार दूर असलेल्या उत्तर क्यूबेकमधल्या इन्युइट आयांचे नमुने घेतले. त्यांत पीसीबी नावाचं रसायन दक्षिणेकडच्या स्त्रियांच्या सुमारे पाचपट निघालं.

ते तिथे आलं कसं? जगभरच्या उष्ण भागांत वापरलेली अशी रसायनं वाफेसारखी हवेत उडतात, थंड जागी खाली बसतात, पुन्हा उडतात, पुन्हा बसतात. टोळासारख्या उड्या मारत ती उत्तरेला पोचतात आणि थंडीमुळे तिथेच अडकतात. मग सूक्ष्म जीवांतून माशांत, माशांतून सीलच्या आणि देवमाशाच्या चरबीत, आणि चरबी हेच जिथलं पिढ्यानपिढ्यांचं अन्न, तिथल्या माणसांत. ज्यांनी ती रसायनं कधी विकतही घेतली नव्हती त्यांच्या ताटात ती वाढली गेली.

परिषदेच्या मोजदाद गटानं १९९० च्या दशकात हे सगळं मापून, नकाशे काढून समोर ठेवलं. बंदी घालायचा अधिकार परिषदेला नव्हता. पण संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली वाटाघाटी चालू होत्या, तिथे हे आकडे गेले आणि इन्युइट प्रतिनिधीही गेले. शीला वॉट-क्लूटिए यांनी १९९९ मध्ये नैरोबीच्या बैठकीत आई आणि मुलाचं एक इन्युइट दगडी शिल्प भेट दिलं. २००१ मध्ये स्टॉकहोम करार झाला, तो बंधनकारक, आणि त्याच्या प्रस्तावनेतच आर्क्टिक आणि तिथल्या मूळ समाजांना असलेल्या धोक्याचा उल्लेख आहे. भारतानंही तो मान्य केला आहे. म्हणजे शिक्का दुसऱ्याचा, पण टिपणी इथली. कार्यालयात काम केलेल्यांना हे समीकरण ओळखीचं वाटेल.

जहाजांचंही तसंच. २००९ मध्ये परिषदेनं आर्क्टिकच्या जहाज वाहतुकीचा मोठा आढावा काढला आणि जहाजातून तेल सांडणं हा सर्वांत मोठा धोका ठरवला. ध्रुवीय पाण्यातल्या जहाजांचे बंधनकारक नियम मात्र आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं केले, आणि ते १ जानेवारी २०१७ पासून लागू झाले. २०१३ ते २०२३ या काळात त्या पाण्यात शिरणाऱ्या जहाजांची संख्या ३७ टक्क्यांनी वाढली, हीदेखील परिषदेच्याच समुद्र गटाची मोजणी.

थेट बंधनकारक करारही या आठांनी परिषदेच्या निमित्तानं तीन केले. २०११ मध्ये शोध आणि बचावाचा, २०१३ मध्ये तेलगळतीचा, २०१७ मध्ये वैज्ञानिक सहकार्याचा. सह्या देशांच्या आहेत, परिषदेच्या नाहीत. बर्फात विमान पडलं तर कुठल्या भागात कुणी धावायचं, एवढं तरी त्यामुळे आधीपासून ठरलेलं असतं.

गॅलरीतला भारत

आमच्या सभागृहाला प्रेक्षक गॅलरी होती. आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहेत, एकूण ३८: तेरा देश आणि बाकी संस्था-संघटना. मे २०१३ मध्ये स्वीडनच्या किरूनामध्ये भारत निरीक्षक झाला. चीन, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि इटली त्याच दिवशी. निरीक्षक व्हायचं तर आठ देशांचे तिथले हक्क मान्य करावे लागतात आणि मूळ रहिवाशांच्या जगण्याचा मान ठेवावा लागतो. बैठकीत अध्यक्षांनी परवानगी दिली तर, सदस्यांचं आणि कायम सहभागींचं बोलून झाल्यावर, बोलता येतं. प्रकल्पात पैसे घालता येतात, पण आर्क्टिक देशांपेक्षा जास्त नाही. पैशाच्या जोरावर कुणी टेबलाशी सरकू नये म्हणून ही अट. मला ती फार आवडली.

निरीक्षकाचं वजन मुख्यतः कार्यगटांत, शास्त्रज्ञ पाठवून पडतं. आणि त्या कामाचं आपलं मुख्य ठिकाण आमच्यापासून काही तासांवर आहे: गोव्यात वास्कोच्या हेडलँड सडा इथलं राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र. मुरगावच्या दमट उकाड्यात बसून ध्रुवीय मोहिमा आखतात. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ओलेसुंद नावाची कोळसा खाणींची जुनी वस्ती आहे, जवळपास ७९ अंश उत्तरेला. तिथे १ जुलै २००८ रोजी भारताचं 'हिमाद्री' केंद्र सुरू झालं. शेजारच्या खाडीच्या तळाशी २०१४ मध्ये 'इंडआर्क' ही मोजणी करणारी यंत्रणा बसवली. डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही तिथे भारतीय तुकड्या जाऊ लागल्या. तिथल्या बदलांचा आपल्या पावसाशी काय धागा आहे, हा या संशोधनाचा एक भाग. २०२२ च्या मार्चमध्ये भारतानं आपलं आर्क्टिक धोरणही जाहीर केलं.

ताईच्या शेजारच्या काकांचा प्रश्न होता, "ती भारतातर्फे गेली का?" नाही. सचिवालयातला माणूस कुठल्याच देशाचा नसतो, इंटर्नसुद्धा. आमच्याकडे सभा लिपिकानं कुठल्या पक्षाचा गुलाल लावायचा नाही, तसंच.

फाइल फिरवून सभा

२०२२ साली या सगळ्या मांडणीची परीक्षा झाली. रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं तेव्हा परिषदेचं अध्यक्षपद रशियाकडेच होतं. ३ मार्च २०२२ रोजी बाकीच्या सात देशांनी जाहीर केलं की आम्ही बैठकांना येणं थांबवतोय. आठवा म्हणजे कुणी कोपऱ्यातला सदस्य नव्हे. आर्क्टिक महासागराचा निम्म्याहून अधिक किनारा रशियाचा. त्याच्याशिवाय मोजलेला नकाशा म्हणजे अर्धी विहीर. जूनमध्ये सातांनी रशिया नसलेले काही प्रकल्प सुरू केले. तळटिपेनं लष्कर दाराबाहेर ठेवलं होतं, पण लष्कर काही दार वाजवून येत नाही.

मे २०२३ मध्ये अध्यक्षपद नॉर्वेकडे गेलं, तेही आठांच्या संमतीनं. मग ऑगस्टमध्ये एक तोडगा निघाला जो वाचून मी खुर्चीतच हसलो: लेखी पद्धत. समोरासमोर बसायचं नाही, कार्यगटांचे निर्णय कागद फिरवून घ्यायचे. अहो, हे आम्ही कायम केलंय. सभा भरवणं अवघड असलं की टिपणी अभिप्रायार्थ फिरवायची, प्रत्येकानं शेरा मारून सही करायची. एकमेकांचं तोंड न बघणारे दोन सभापती मी अशा फायलीवर दोन वर्षं एकत्र नांदवले आहेत. २०२४ च्या सुरुवातीला कार्यगटांच्या ऑनलाइन बैठकाही चालू झाल्या. मे २०२५ मध्ये अध्यक्षपद डेन्मार्कच्या राज्याकडे आलं, आणि त्यात ग्रीनलंड पुढे आहे. ग्रीनलंड विकत घेण्याच्या गोष्टी अमेरिकेत चालू असताना ग्रीनलंडच्याच माणसांनी ज्या सभेचं अध्यक्षपद चालवायचं, त्या सभेत अमेरिकाही सदस्य. अशा सभेचं इतिवृत्त लिहिणाऱ्याला माझा नमस्कार.

जाता जाता, ज्यांच्या घरी मुलं अशा कामाची चौकशी करतायत त्यांच्यासाठी. इंटर्नशिपची प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी असते. कुठे विद्यावेतन मिळतं, कुठे विद्यापीठाचे श्रेयांक, कुठे दोन्ही नाही. जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. नॉर्वेत युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०२३ पासून फी लागू झाली आहे, तेव्हा "तिकडे शिक्षण फुकट" ही ऐकीव गोष्ट विसरा. हवामानशास्त्राची पदवीच लागते असंही नाही. भाचीनं राज्यशास्त्र केलंय. अर्जात तिनं पदव्यांपेक्षा जास्त जागा कशाला दिली? एका लांबलचक अहवालाचं दोन पानांत केलेलं सार जोडायला.

परवा तिनं मला एक प्रश्न विचारला. "मामा, एखादा सदस्य अख्ख्या सभेत एक अक्षर बोलला नाही, तर तुम्ही ते कसं लिहायचात?"

"हजेरीपत्रकावर सही आहे?"

"आहे."

"मग 'उपस्थित' एवढंच. का गप्प बसला ते आपण लिहायचं नसतं."

ती थोडा वेळ गप्प होती. बहुधा लिहून घेत असावी.

२१ जानेवारीला तिचा फोटो आला. सूर्य ट्रोम्सोत पंधराच्या सुमारासच परततो, पण भोवती डोंगर असल्यानं गावात दिसायला आठवडा जातो. त्या दिवशी तिथे सूर्याचा दिवस पाळतात आणि साखरेत घोळवलेले, आत जॅम भरलेले गोल पाव खातात. फोटोत एका हातात अर्धा खाल्लेला पाव, मागे डोंगराच्या कडेवर जेमतेम एक पिवळी रेघ. आईनं चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग मला विचारलं, "आधी सूर्याक निवेद दाखवल्यान काय?"